बर्फाच्या कोठीतलं मीठ

हवालदार रंगनाथ सखाराम वाबळे हे नाव मी माझ्या आठवणींच्या या प्रकरणात सगळ्यांत आधी लिहितो. पुढं माझ्या हातून काही लिहायचं राहून गेलं तरी चालेल, हे नाव राहायला नको. अम्मी-अब्बांनी मला जन्म दिला, पोटाला चिमटा घेऊन वाढवलं. पण संगमनेरच्या एका कुल्फीवाल्याच्या मुलाला हाताला धरून कॉलेजच्या दारापर्यंत नेलं ते या माणसानं. ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण आमच्या भागात फौजेतून परत आलेल्या प्रत्येकालाच लोक मेजर म्हणतात, तसे तेही मेजर झाले. सुरुवातीला ते हरकत घेत. "अरं बाबा, मेजर लई मोठा आसतो, म्या आपला हवालदार," असं सांगून सांगून थकले आणि मग गप्प बसले. आपल्या जिल्ह्यात आइस हॉकी आणली ती त्यांनी. जिथं बर्फ भुशात लपेटून बारदानात मिळतो, तिथं बर्फावरचा खेळ आणणारा माणूस लोकांना वेडा वाटला, यात लोकांची काही चूक नव्हती.

मेजर मूळचे पुणतांब्याचे. फौजेत ते गाड्या दुरुस्त करायचे आणि त्यांची बरीच वर्षं लेहला गेली. हिवाळ्यात तिथली तळी गोठली की जवान बुटांना पाती जोडून त्यावर हॉकी खेळत. गोदावरीकाठी पोहायला शिकलेला हा माणूस तिथं गोठलेल्या पाण्यावर धावायला शिकला आणि त्या खेळानं त्याला कायमचं धरलं. निवृत्तीनंतर ते संगमनेरला बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर चालवायला लागले. येताना लोखंडी ट्रंकेत पात्यांच्या बुटांचे दोन जोड, एक काठी आणि रबराची काळी चकती घेऊन आले होते. ती चकती आम्हाला पहिल्यांदा दाखवली तेव्हा माझा दोस्त बाळू म्हणाला, "मेजर, ही तर आमच्या पंपाची वायसर." मेजर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

आमच्या घराबद्दल दोन शब्द लिहायला हवेत, कारण पुढची चूक त्या घरातूनच निघाली. दोन खोल्या आणि मागं पत्र्याची पडवी. पडवीत पहाटेपासून दूध आटत असे. अम्मीचं उलथनं कढईच्या कडेला घासल्याचा खरखर आवाज हाच आमचा कोंबडा. आवाज जाड होत गेला की दूध दाट झालं, हे मला अंथरुणातच कळायचं. मग वेलदोडा कुटल्याचा वास यायचा. अब्बा ते दूध पत्र्याच्या साच्यांत भरत, माझी आपा झाकणांच्या कडेला कणकेची वळी लावून साचे बंद करी, आणि शेवटी मोठ्या मडक्यात साचे, फोडलेला बर्फ आणि मुठीमुठीनं खडेमीठ असे थर लागत. मग अब्बा मांडीत मडकं धरून ते तास तास हलवत. आतून खडखड आवाज यायचा, तो हळूहळू ठस्स व्हायचा, आणि अब्बा म्हणायचे, "जम गई." साच्याला चिकटलेली कणीक आम्ही भाजून खायचो. तिला दुधाची गोडी आणि मिठाची खार अशा दोन्ही चवी असत. मी आजवर बऱ्याच लग्नांत जेवलो आहे, पण त्या भाजक्या कणकेची चव काही सापडली नाही.

अब्बांचा सगळा धंदा त्या एका बर्फाच्या कारखान्यावर होता. दुसरा कारखाना जवळपास नव्हता. रोज सकाळी मी सायकलवर अर्धी लादी आणायला जायचो आणि तिथंच मेजरांची नि माझी ओळख झाली. लादी बारदानात बांधता बांधता त्यांनी विचारलं, "कितवीला हाय?" मी म्हणालो, अकरावीला होतो, सोडणार आहे. "का?" मी म्हणालो, अब्बांची कुल्फीची गाडी चालवायची आहे. त्यांनी बारदानाची गाठ आवळली. दुसऱ्या दिवशी सलीमचा सल्या करून म्हणाले, "सल्या, रविवारी मार्केट यार्डात ये. कांद्याच्या लिलावाची शेड मोकळी आसती."

त्या शेडमध्ये आम्ही पाच जण शिकलो. भंगारातल्या बेअरिंगा फळीला ठोकून, वरून चामड्याचे पट्टे लावून मेजरांनी चाकं बनवली होती. मोडक्या हॉकी स्टिकांना खालून फळकुट ठोकलेल्या काठ्या आणि ट्रकच्या टायरातून कापलेल्या चकत्या. सिमेंटची जमीन गुळगुळीत होती, फक्त कांद्याचे पापुद्रे चाकात अडकत. चालायचं, वळायचं, चकती पुढं सरकवायची, हे सगळं महिन्या-दोन महिन्यांत जमलं. थांबायचं तेवढं जमलं नाही. त्या चाकांना थांबायची सोयच नव्हती. आम्ही सरळ कांद्याच्या गोण्यांच्या थप्पीवर जाऊन आदळायचो. हमाल ओरडायचे, "मेजर, तुमची बैलं आवरा!" मेजर आम्हाला सांगत, बर्फावर पाती आडवी करून, बर्फ सोलत थांबतात. पण सिमेंट सोलायचं कसं?

सराव संपल्यावर शेडच्या पायरीवर बसवून ते प्रत्येकाला अभ्यासाचं विचारत. ज्याची शाळा सुटली असेल त्याला चाकं मिळणार नाहीत, असा त्यांचा नियम होता. मी बारावीला बसलो तो या नियमामुळं, अभ्यासाच्या आवडीनं नव्हे, हे खरं खरं लिहितो.

त्या हिवाळ्यात मेजरांच्या फौजेतल्या एका दोस्ताचं पत्र आलं. शिमल्याला बर्फाचं मैदान तयार होतं, बाहेरच्या पोरांसाठी शिबिर आणि थोडे सामने होते. पोरं घेऊन ये, असं त्यानं लिहिलं होतं. मेजरांनी कळवून टाकलं की पाच पोरं आणतो, पोरं तयार आहेत. मग ते आठवडाभर अस्वस्थ होते. आम्ही तयार नव्हतो, आमच्यातल्या एकानंही बर्फावर पाय ठेवला नव्हता. शेवटी ते कारखान्याच्या शेठकडं गेले. थंडीत बर्फाला गिऱ्हाईक कमी असतं, बर्फाची कोठी अर्धी रिकामी होती. मेजरांनी मागणी केली की कोठीत जमिनीवर लाद्या अंथरू द्या, एक सकाळ पोरांना त्यावर चालवतो, नंतर तोच बर्फ फोडून विका. शेठ माणूस वाईट नव्हता, पण तिरकस होता. म्हणाला, "मेजर, लोक बर्फ पाण्यात घालतात, तुम्ही पोरं बर्फात घालणार? घाला. पण माझा बर्फ खराब झाला तर मी ऐकून घेणार नाही."

दोन दिवस मेजर एकटे खपले. लाद्या एकीला एक भिडवून आडव्या लावल्या, फटींत बर्फाचा चुरा आणि पाणी भरलं, आणि वरून कोमट पाण्यात बुडवलेलं बारदान फिरवलं. बर्फावर ऊन पाणी ओततात हे बघून कारखान्यातले कामगार एकमेकांना डोळे घालत होते. पण दुसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा आत काचेसारखी जमीन होती. लहानशा खोलीएवढीच, पण आमच्यासाठी ती शिमल्यापेक्षा मोठी होती. त्याच्या पुढच्या सकाळी आमची पाळी. त्या संध्याकाळी मेजरांना रेल्वेच्या आरक्षणासाठी मनमाडला जावं लागलं. जाताना त्यांनी कोठीची किल्ली माझ्या हातात दिली. बाकीच्या चौघांपैकी कुणाला दिली नाही, मला दिली, हे मला फार मोठं वाटलं. "लाइट गेली तरी दार उघडू नको," त्यांनी बजावलं. "काय बी झालं तरी उघडू नको. कोठी आपला गारवा आपुनच धरून ऱ्हाती."

दिवेलागणीला लाइट गेली. कॉम्प्रेसरचा रोजचा घुमणारा आवाज थांबला आणि सगळा कारखाना मुका झाला. मी कोठीच्या दाराला हात लावून पाहिला. दार मला कोमट वाटलं. आता वाटतं, ते रोज तसंच असणार. बाहेरून हात लावायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती एवढंच. पण तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं ती काचेची जमीन वितळायला लागली. मेजर नाहीत, किल्ली माझ्याकडं, आणि बर्फ टिकवायचा कसा हे आमच्या घराला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी सायकल घेऊन घरी गेलो, पडवीतली खडेमिठाची अर्धी गोणी कॅरिअरला बांधली, परत आलो, कोठी उघडली आणि कंदिलाच्या उजेडात, अब्बा मडक्यात टाकतात तसं, मुठीमुठीनं सगळ्या बर्फावर मीठ पसरलं. कुठंही रिकामी जागा राहू नये म्हणून उलटं चालत चालत दारापर्यंत आलो. दार लावलं. मी त्या संध्याकाळी फार खूश होतो. बर्फ वाचवला, असं मनात म्हणत मी घरी जेवलो.

मी आता हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. मिठानं बर्फ लवकर वितळतो, वितळताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो आणि म्हणून शेजारची वस्तू गोठते, हे दर वर्षी फळ्यावर लिहितो. लिहिताना दर वर्षी माझा खडू क्षणभर थांबतो. मुलांना ते कळत नाही.

सकाळी मेजर मनमाडहून थेट कारखान्यात आले. आम्ही पाचही जण दाराशी उभे होतो, बाळूनं तर पात्यांचा एक बूट आधीच पायात चढवून ठेवला होता. मेजरांनी दार ओढलं. आतली जमीन अर्धवट शिजलेल्या भातासारखी दिसत होती. खड्डे पडले होते, फटी उघड्या झाल्या होत्या, मध्ये पाणी साचलं होतं. मेजर खाली बसले, बोट त्या पाण्यात बुडवून जिभेला लावलं, आणि मान वळवून माझ्याकडं पाहिलं. फक्त माझ्याकडं. तेवढ्यात मागून शेठ आले. त्यांनीही वाकून बोट लावलं आणि थुंकले.

"मीठ? माझ्या बर्फात मीठ? हा बर्फ आता रसवंतीवाल्याला देऊ का डेअरीला देऊ?" ते ओरडले. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "गोणीनं मीठ गावात कुणाच्या घरात असतं, ते काय मला माहीत नाही?" आणि ते माझ्याकडं वळले. "अरे ए, तू उस्मान कुल्फीवाल्याचा ना?"

मी हो म्हणायच्या आत मेजर उठून मध्ये उभे राहिले.

"शेठ, पोराला काय इचारता? म्या टाकलं मीठ."

"तुम्ही?"

"व्हय. काल जाताना टाकलं. त्याच्या घरून म्याच मागवून घेतलं हुतं. वाटलं, लाइट गेली तर बर्फ टिकंल."

शेठ त्यांच्याकडं बघत राहिले. मग हसायला लागले, आणि त्यांच्या मागं उभे असलेले कामगारही. "अहो मेजर! एवढी वर्षं बर्फात काढली, पगार बर्फाचा खाता, आणि तुम्हाला एवढं कळत नाही? लेहला काय नुसत्या भाकरी थापत होता का?"

"चुकलं," मेजर म्हणाले. त्यांची मान खाली होती. मी त्यांना मान खाली घातलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

कोठी आम्हाला परत कधी मिळाली नाही. दुपारी घरी आलो तर अब्बा रिकाम्या कोपऱ्यात उभे होते. "नमक किधर गया रे?" मी सगळं सांगितलं. ते मडक्याशेजारी बसले. आमच्या घरच्या बोलीत जे म्हणाले ते मराठीत असं होतं: "बेटा, इतकी वर्षं माझ्यासमोर बसलास. मडक्यातलं पाणी मी मोरीत ओततो ते कधी पाहिलं नाहीस? बर्फ मारायलाच मीठ घालतात. तो मरतो म्हणून कुल्फी जमते." मी खरंच कधी पाहिलं नव्हतं. माझं लक्ष नेहमी साच्यांवर असे. अब्बांनी मला लगेच मेजरांकडं पाठवलं. "जा. त्यांच्यासमोर आणि शेठसमोर, दोन्हीकडं सांग. बर्फाचं काय व्हायचं ते होईल."

मेजर घराच्या ओट्यावर चाकांचे नट आवळत बसले होते. त्यांच्या घरच्या काकूंनी मला आत बोलावून भाकरी, ठेचा आणि दही वाढलं, आणि शेजारचा एक म्हातारा दारातूनच ओरडून गेला, "काय मेजर, आज चहात साखर का मीठ?" मेजर त्याच्याबरोबर हसले. मी बाहेर येऊन सुरुवात केली, "मेजर, मी शेठना जाऊन सांगतो की..."

"पाना दे इकडं," ते म्हणाले. मी पाना दिला. "तुझ्या बापाला उद्या बर्फ लागतो का न्हाई? परवा लग्नाची ऑर्डर हाय ना त्याची? मग गप. माझं काय जातंय? फार तर हसतील. हसून कुनाची चूल इझत न्हाई. तुझ्या घरची इझंल."

"पण लोक तुम्हाला..."

"सल्या, म्या तुला दार उघडू नको म्हनलं हुतं. तू उघडलंस. ती चूक तुझी हाय आन् ती म्या इसरणार न्हाई. मिठाची चूक म्या इसरलो. जा घरी."

आम्ही शिमल्याला गेलो. काय व्हायचं ते झालं. मी पहिल्यांदा बर्फावर उतरलो, जोरात निघालो, आणि थांबता न आल्यामुळं कडेच्या फळ्यांवर असा आदळलो की समोरच्या संघाची मुलं काठ्या टाकून हसली. आमच्याकडं कांद्याच्या गोण्या असत्या तर बरं झालं असतं, असं बाळू म्हणाला. पहिला सामना आम्ही फळ्या मोजतच हरलो. मग मेजरांनी रोज सकाळी, मैदान मोकळं असताना, आम्हाला एकेकाला हाताला धरून थांबायला शिकवलं. त्यांचे गुडघे तेव्हाच दुखायला लागले होते. "वाक. वाक अजून. पातं आडवं कर. सोल, सोल, सोल त्याला!" ज्या दिवशी माझ्या पात्याखालून पांढरा चुरा उडाला आणि मी जागच्या जागी उभा राहिलो, त्या दिवशी त्यांनी माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की मी पडलोच. त्या कोठीत एक सकाळ मिळाली असती तर त्यांना दहा दिवस वाकून राबावं लागलं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

पुढं मी बारावी पास झालो तेव्हा मेजर स्वतः माझ्याबरोबर कॉलेजात आले, खिडकीपुढं रांगेत उभे राहिले, आणि फॉर्मवर पालकाच्या जागी अब्बांचा अंगठा लावून आणला. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. पदवीच्या निकालाच्या दिवशी अब्बांनी गल्लीत फुकट कुल्फी वाटली आणि पहिला साचा मेजरांच्या हातात दिला. अब्बा त्या वेळी त्यांना काही सांगणार होते, मला दिसलं. पण मेजरांनी तोंड भरून कुल्फी खाल्ली आणि नको अशी मान हलवली. अब्बा पुढचा साचा उघडायला लागले.

आज त्या शेडच्या जागी चाकांचं रीतसर मैदान आहे. आजूबाजूच्या गावांतली मुलं-मुली तिथं येतात, दर हिवाळ्यात काही जण लेहला जातात, आणि त्यांतली दोघं-तिघं राज्याच्या संघातून खेळली. मेजरांची नात नीलम तिथं शिकवते. मेजर खुर्चीवर बसून असतात, नजर फार कमी झाली आहे, पण चाकांच्या आवाजावरून कोण चुकीचं वळलं ते सांगतात. बर्फाचा कारखाना कधीच बंद पडला. शेठ गेले, अब्बाही गेले. मी गप्प राहावं असं कोणतंही कारण उरलं नव्हतं, आणि तरीही मी गप्प राहिलो. मास्तर झालो, लोक मान द्यायला लागले. मान मिळायला लागला की खरं बोलणं सोपं होईल असं मला वाटायचं, ते उलटं निघालं. गेल्या महिन्यात मेजरांचा सत्कार झाला. सूत्रसंचालकानं सुरुवातच "मीठवाले मेजर" म्हणून केली आणि तो किस्सा हातवारे करून रंगवला. सभागृह हसलं. मेजर शाल सावरत, हात जोडून हसले. पहिल्या रांगेत नीलम बसली होती, ती हसली नाही. मी व्यासपीठावर होतो. त्यानंतर मलाच बोलायचं होतं. मी त्यांच्या कार्याविषयी पंधरा मिनिटं बोललो आणि खाली बसलो.

घरी येऊन हे प्रकरण लिहायला घेतलं, आणि ते पुरं व्हायच्या आधी पुढचं पत्र लिहून टपालात टाकलं.

"तीर्थरूप मेजर यांस,

सलीमचा सलाम आणि साष्टांग नमस्कार.

तब्येतीचं कळवा. गुडघ्याचं तेल मी कुणाबरोबर तरी पाठवतो. काकूंना सांगा, त्यांनी दिलेली लोणच्याची बरणी संपली, रिकामी परत आणतो.

मी आठवणी लिहितो आहे. त्यात कोठीचं सगळं लिहिलं आहे. मीठ कुणी टाकलं, दार कुणी उघडलं आणि तुम्ही कुणासाठी मान खाली घातली, ते नावासकट. तुम्ही मला गप्प राहायला सांगितलंत तेव्हा अब्बांची चूल पेटायची होती. ती पेटली, विझली, त्यालाही आता वर्षं झाली. त्यानंतरचं माझं गप्प राहणं तुमच्या सांगण्यामुळं नव्हतं. ते माझं होतं, माझ्या सोयीचं होतं. सत्कारात लोक हसत असताना तुम्ही माझ्याकडं पाहिलं नाहीत. मला वाटतं, मी घाबरू नये म्हणून पाहिलं नाहीत. या वयातही तुम्ही मला सांभाळत होता, याची लाज मला उशिरा वाटली, पण वाटली.

तुमच्यामुळं मी शिकलो, उभा राहिलो, माझ्या मुली शिकल्या. याबद्दल आभार मानायला मला शब्द सापडतात, व्यासपीठावर नेहमीच सापडतात. म्हणून या पत्रात आभार लिहीत नाही.

येत्या रविवारी मी मैदानावर येतो. सगळी पोरं जमली की त्यांना मी स्वतः सांगणार आहे. सत्काराचं सूत्रसंचालन केलेल्या गृहस्थांनाही बोलावलं आहे. लेहमध्ये तयार झालेल्या माणसाला बर्फ कळत नव्हता, असं या जिल्ह्यात यापुढं कुणी म्हणू नये.

तुम्हाला आता वाचता येत नाही, हे पत्र नीलम वाचून दाखवेल. नीलम, बेटा, पुढची ओळ जरा मोठ्यानं वाच, स्वयंपाकघरात आजीला ऐकू जाईल अशी.

मीठ मी टाकलं होतं.

तुमचा,
सलीम"